वेस्ट व्हर्जिनियातील संगीतपरंपरा आणि तिचे संग्राहक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची जी दीर्घ पर्वतश्रेणी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली आहे, तिच्या कक्षेत संपूर्णपणे मोडणारे राज्य एकच, आणि ते वेस्ट व्हर्जिनिया हे होय. मूळचा हा व्हर्जिनिया राज्याचाच पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. यादवी युद्धाच्या काळात व्हर्जिनियाने दक्षिणेकडील फुटीर राज्यांची वाट धरली, तेव्हा या मुलखातील पुढाऱ्यांनी तिच्यामागे जाण्याचे नाकारले; आणि २० जून १८६३ रोजी त्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला. अरुंद दऱ्या, दाट अरण्ये, सपाट जमिनीची टंचाई आणि भूमीच्या पोटात कोळशाचे विपुल थर, अशी या प्रदेशाची रचना आहे. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या अठरा लाखांच्या आतच भरली, आणि चार्ल्स्टन ही राजधानी धरूनही पन्नास हजार वस्तीचे एकही शहर तेथे आढळले नाही.

अशा प्रदेशाच्या संगीताविषयी एक समज दीर्घकाळ रूढ आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथून अठराव्या शतकात आलेल्या वसाहतवाल्यांनी आपली गीते सोबत आणली. पुढे डोंगरांनी त्यांना जगापासून तोडले. आणि पेटीच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या जुन्या शालूप्रमाणे ती गीते तेथे जशीच्या तशी राहिली, असा हा समज आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही. तथापि तो अर्धाच आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग झाकला गेल्यामुळे या राज्यातील अनेक गुणी कलावंतांवर अन्याय झालेला आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे पुष्कळसे संगीत ज्या वाटांनी बाहेरचे जग आत आले त्या वाटांवर, म्हणजे मिठागरांत, लोहमार्गांवर, कोळशाच्या खाणींत आणि नभोवाणी केंद्रांत घडले. आणि काही तर ज्या वाटांनी तेथील माणसे पोटासाठी बाहेर पडली त्या वाटांवर घडले. एकांतवासाची कल्पना गाणाऱ्यांनी निर्माण केलेली नसून ती बव्हंशी संग्राहकांनी निर्माण केलेली आहे. म्हणून येथील कलावंतांचा विचार संग्राहकांना वगळून करता येत नाही.

संग्रहाची दिशा ठरविली ती हार्वर्ड विद्यापीठातील फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या पंडिताने. १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३०५ कथागीतांची पाठभेदांसह मांडणी केली. येथे कथागीत म्हणजे इंग्रजीत ज्यास बॅलड म्हणतात तो प्रकार अभिप्रेत आहे. मराठी वाचकास यावरून पोवाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु पोवाडा हा साथीदारांसह सभेपुढे, आवेशाने म्हणावयाचा असतो, तर हे कथागीत एकटा गाणारा किंवा गाणारी, बहुधा कोणत्याही वाद्यावाचून आणि चेहऱ्यावरील रेषाही न हलविता म्हणत असे. खून, विश्वासघात, बुडून मरण यांसारखे विषय अत्यंत कोरड्या स्वरात सांगण्यात या प्रकाराचे सामर्थ्य आहे.

चाइल्डची यादी हाताशी घेऊन पुढील पिढीतील संग्राहक डोंगरांत शिरले. इंग्लंडहून आलेल्या सेसिल शार्पने मॉड कार्पेलीस या सहकारी स्त्रीसह १९१६ ते १९१८ या वर्षांत दक्षिण अ‍ॅपलेशियन भागात भटकंती करून दीड हजारांहून अधिक चाली टिपल्या. वेस्ट व्हर्जिनियात त्याचा मुक्काम फारसा घडला नाही, पण त्याच्या दृष्टीचा प्रभाव मात्र या राज्यावरही पडला. वाद्यसंगीत, धर्मगीते, अलीकडची गीते आणि कृष्णवर्णीयांचे गायन यांकडे त्याने जवळजवळ पाठच फिरविली होती. त्याला हवे होते ते आपल्या देशाचे हरवलेले संगीत.

वेस्ट व्हर्जिनियात हे कार्य विद्यापीठाने हाती घेतले. १९१५ साली तेथे लोकविद्या मंडळ स्थापन झाले, आणि मॉर्गनटाऊन येथील राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हॅरिंग्टन कॉक्स यांनी शाळाशिक्षक व विद्यार्थी यांच्याकडून पत्रांद्वारे गीते मागविण्यास प्रारंभ केला. १९२५ साली त्यांचा १८५ गीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. पत्राने शब्द येतात, चाल येत नाही. त्यामुळे या संग्रहात शब्द भरपूर आणि चाली थोड्या आहेत. मात्र कॉक्स यांचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. चाइल्डच्या यादीतील गीतांनी ग्रंथाचा आरंभ केलेला असला, तरी येथील रेल्वेच्या व खाणींच्या वस्त्यांत जन्मलेली गीतेही त्यांनी त्यात घेतली, आणि त्यांतील एकावरून पुढे मोठा वाद माजला.

ते गीत जॉन हेन्रीचे. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मार्ग १८७० ते १८७२ या काळात अ‍ॅलेगेनी डोंगरांतून नेला जात असता टॅल्कट या गावानजीक ‘बिग बेंड’ नावाचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. या बोगद्यात जॉन हेन्री नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराने वाफेच्या छिद्रयंत्राशी पैज लावली, हातातील घणाने यंत्रावर मात केली आणि त्याच श्रमाने तो मृत्यू पावला, अशी ही कथा आहे. कॉक्स यांनी हा जॉन हेन्री आणि जॉन हार्डी या एकाच व्यक्ती मानल्या. जॉन हार्डी हा खाणकामगार खुनाच्या आरोपावरून १९ जानेवारी १८९४ रोजी वेल्च येथे फाशी गेला, याविषयी कागदोपत्री पुरावा आहे. दोन्ही गीतांचे चरण गाणाऱ्यांच्या तोंडी एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे हा घोटाळा झाला. पुढे गाय जॉन्सन यांनी १९२९ साली आणि लुई वॉटसन चॅपल यांनी १९३३ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून दोघांना वेगळे केले. चॅपल यांनी तर बिग बेंड येथे काम केलेल्या वृद्धांच्या साक्षीही नोंदविल्या. २००६ साली स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने मात्र निराळा सिद्धान्त मांडला. जॉन हेन्री हा व्हर्जिनियातील तुरुंगातून भाड्याने दिलेला कैदी असून त्याचे काम शेजारच्या राज्यातील लुइस बोगद्यावर चालले होते, आणि त्याला घणाने नव्हे तर दगडाच्या धुळीने मारले असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. वाद आजही मिटलेला नाही.

संगीताच्या दृष्टीने मात्र या वादापेक्षा गीताच्या घडणीचा विचार अधिक उद्बोधक ठरतो. बोगद्यात सुरुंगासाठी भोक पाडावयाचे, तर एक कामगार पोलादी पहार धरून बसे आणि दुसरा तिच्यावर घण घाली. प्रत्येक घावानंतर बसलेला मनुष्य पहार किंचित फिरवी, नाही तर ती दगडात अडकून बसे. घण चुकला तर त्याच्या हाताचा चुराडा ठरलेला. या जीवघेण्या कामात दोघांची लय एक ठेवण्यासाठी जे म्हटले जाई ते घणाचे गाणे. एक चरण, मग घावापुरता विराम, पुन्हा चरण, अशी त्याची रचना असे. हीच श्रमगीते व गौरवर्णीयांची कथागीते यांच्या संयोगातून जॉन हेन्रीचे कथागीत सिद्ध झाले. म्हणजे या राज्याचे जे सर्वांत प्रसिद्ध गीत, ते जुन्या इंग्लंडच्या पेटीतून निघालेले नाही. याच डोंगरांत १९३० व १९३१ साली हॉक्स नेस्ट येथे दुसरा एक बोगदा खोदला गेला, आणि सिलिका धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन शेकडो कामगार मरण पावले. त्यांतही बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते.

वाद्यांकडे वळल्यास हाच प्रकार दिसून येतो. डोंगराळ भागात प्रमुख वाद्य फिडल, म्हणजे व्हायोलिनच. मात्र ते वाजविण्याची तऱ्हा अगदी निराळी. येथील जुने वादक ते हनुवटीखाली न धरता छातीशी टेकवीत, आणि धुनेप्रमाणे तारा वेगवेगळ्या स्वरांत लावून घेत. स्वर वाजविताना शेजारची तारही गजाखाली येत असल्यामुळे तंबोऱ्यासारखा एक स्वर सतत मागे गुंजत राही. कित्येक धुनांत ठरलेल्या मात्रांपेक्षा एखाद-दुसरी मात्रा अधिक किंवा कमी पडते. अशा धुनांना तेथील लोक ‘वाकड्या’ धुना म्हणतात. नाचासाठी त्या गैरसोयीच्या. पण एकटा वादक आपल्या ओसरीवर बसून स्वतःसाठी वाजवीत असेल तर त्याला आवर्तनाचा हिशेब कोणाला द्यावयाचा असतो?

या वादनाचे श्रेष्ठ प्रतिनिधी म्हणून हॅमन्स कुटुंबाचा उल्लेख केला जातो. यादवी युद्धाच्या सुमारास केंटकीकडून आलेले हे कुटुंब पोकाहोंटास व वेब्स्टर या जिल्ह्यांच्या अरण्यात स्थायिक झाले. शिकार, मासेमारी आणि जिनसेंग नावाची औषधी मुळी खणून विकणे यांवर त्यांचा निर्वाह चाले. कुटुंबातील एडन हॅमन्स याचे वादन १९४७ साली उपरोक्त प्राध्यापक चॅपल यांनी मुद्रित केले. पन्नासांवर धुना त्यांनी घेतल्या. चॅपल यांनी १९३७ पासून दहा वर्षे, ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीतून वाहून नेत, अ‍ॅल्युमिनियमच्या शेकडो तबकड्या भरल्या होत्या. परंतु एडनचे वादन जनतेसाठी प्रकाशित व्हावयास १९८४ साल उजाडले. तोवर एडन जाऊन जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. त्याच कुटुंबातील मॅगी, शर्मन व बर्ल या वृद्ध भावंडांचे गायन-वादन व त्यांच्या कहाण्या अ‍ॅलन जबूर, कार्ल फ्लायशहाउअर आणि स्थानिक वादक ड्वाइट डिलर यांनी मुद्रित केल्या, व १९७३ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने त्या प्रसिद्ध केल्या. एका कुटुंबाच्या परंपरेचा त्याच्या जीवनासह केलेला असा अभ्यास तोवर अमेरिकेत विरळाच होता. विशेष म्हणजे दक्षिणेकडील फिडलवादनात गजाच्या फिरतीत जे अनपेक्षित ठिकाणी आघात येतात, ते कृष्णवर्णीय वादकांचे देणे आहे, असे मत जबूर यांनीच पुढे आग्रहाने मांडले. म्हणजे ज्या अरण्यवासी घराण्याकडे अस्सल एकांताचा नमुना म्हणून बोट दाखवावे, त्याच्याही गजात दोन खंडांची लय आहे.

फिडलच्या जोडीचे वाद्य बँजो. आपल्याकडे मिरवणुकीत वाजणारा, टंकलेखन यंत्रासारख्या कळांचा बेंजो तो हा नव्हे. नावाखेरीज दोघांत फारसे साम्य नाही. चामडे ताणलेला गोल डबा, त्याला लांब दांडी, आणि दांडीच्या मध्यावरूनच सुरू होणारी एक आखूड तार असे त्याचे रूप असते. ही आखूड तार अंगठ्याने सतत छेडली जाते. भोपळ्याचे असे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या स्मरणातून अमेरिकेत अवतरले. कानाव्हा नदीकाठच्या मिठागरांत यादवी युद्धापूर्वी शेकडो गुलाम राबत होते. तेव्हा हे वाद्य डोंगरांत येण्यास रेल्वेचीही वाट पाहावी लागली नसावी. याखेरीज पेनसिल्व्हेनियाकडून उतरलेल्या जर्मन वसाहतवाल्यांचा वाटा आहेच. मांडीवर आडवे ठेवून वाजविले जाणारे डल्सिमर हे वाद्य जर्मन कुळातील आहे, आणि हा जर्मन वारसा किती दुर्लक्षित राहिला हे जेराल्ड मिल्न्स यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिलेले आहे.

१८७३ साली चेसापीक अँड ओहायो मार्ग पूर्ण झाला, १८८३ साली दक्षिणेकडील पोकाहोंटास क्षेत्रातून कोळशाच्या गाड्या निघू लागल्या, आणि राज्याचे रूपच पालटले. खाणीच्या वस्त्या कंपनीच्या मालकीच्या असत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, पगारही पुष्कळदा कंपनीच्याच बिल्ल्यांत. या वस्त्यांत डोंगरातील गौरवर्णीय शेतकरी, व्हर्जिनिया व अलाबामाकडून आलेले कृष्णवर्णीय, तसेच इटली, हंगेरी, पोलंड येथील स्थलांतरित एकत्र आले. राहण्याच्या जागा वर्णानुसार वेगळ्या असल्या, तरी खाणीतील काळोख एकच होता. आणि १९२१ साली लोगन जिल्ह्यातील ब्लेअर पर्वतावर सुमारे दहा हजार खाणकामगारांनी कंपन्यांच्या सशस्त्र माणसांशी जो लढा दिला, त्यात सर्व वर्णांचे लोक होते.

याच लोगनमध्ये फ्रँक हचिसन (१८९७–१९४५) वाढला. तेथे रेल्वे पोहोचली १९०४ साली, म्हणजे त्याच्या सातव्या वर्षी. आणि रेल्वेच्या कामासाठी आलेल्या एका कृष्णवर्णीय कामगाराकडून तो बालपणीच गिटार शिकला, असे सांगितले जाते. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून सुरी सरकवीत वाजविण्याची ही पद्धत होय. तिने स्वराला आपल्या मींडेसारखी सलगता येते. हचिसनने १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण केले. ब्लूज हा कृष्णवर्णीयांचा गानप्रकार गौरवर्णीय डोंगरी गायकाने तबकडीवर आणल्याच्या अगदी प्रारंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. लोगनमधीलच डिक जस्टिस या खाणकामगाराने १९२९ साली शिकागो येथे दहा गाणी गायिली. त्यांतील कित्येक ब्लूजच्या धर्तीची आहेत. परंतु ‘हेन्री ली’ हे चाइल्डच्या यादीतील ६८ व्या कथागीताचे रूप आहे. १९५२ साली हॅरी स्मिथ याने जुन्या व्यापारी तबकड्यांतून निवडलेल्या ८४ गीतांचा जो विख्यात संच प्रसिद्ध केला, त्याचा आरंभ याच गीताने होतो. स्मिथने गायकांचा वर्ण कोठेही नमूद केला नाही. ज्या गीताला चाइल्डचे अनुयायी शुद्ध ब्रिटिश ठेवा म्हणत, ते गिटारच्या साथीवर, ब्लूज गाणाऱ्या खाणकामगाराच्या कंठातून, एका व्यापारी कंपनीच्या यंत्रासमोर टिकून राहिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

जन्मांध फिडलवादक आल्फ्रेड रीड (१८८०–१९५६) याच्यात तर जुना कथागीतकार व नवा काळ यांची गाठ पडलेली दिसते. २४ मे १९२७ रोजी इंगलसाइड येथे व्हर्जिनियन रेल्वेला भीषण अपघात झाला. रीडने त्यावर गीत रचले, आणि दोन महिन्यांनी, २८ जुलै रोजी, ब्रिस्टल येथे राल्फ पीअर या ध्वनिमुद्रकासमोर ते गायिले. पीअरने ब्रिस्टलमध्ये त्या उन्हाळ्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांतूनच कंट्री संगीताच्या व्यापाराला खरी गती मिळाली, असे मानण्यात येते. शाहिराने ताज्या घटनेवर पोवाडा रचावा तसाच हा व्यवहार. केवळ श्रोत्यांच्या घोळक्याच्या जागी मेणाची तबकडी आली. डिसेंबर १९२९ मध्ये, म्हणजे शेअरबाजार कोसळून दीड महिना होत नाही तोच, गरिबाने अशा काळात जगावे कसे असा प्रश्न विचारणारे गीत त्याने मुद्रित केले. रीडला त्यातून अर्थप्राप्ती फारशी झाली नाही आणि पुढे त्याचे ध्वनिमुद्रणही झाले नाही. पण गीत १९७० साली राय कूडरने आणि २००६ साली ब्रूस स्प्रिंगस्टीनने पुन्हा गायिले.

संग्राहकांच्या नजरेतून जे सर्वांत अधिक निसटले ते येथील कृष्णवर्णीयांचे संगीत. पीडमाँट या लहानशा गावी जन्मलेला डॉन रेडमन (१९००–१९६४) न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदासाठी जी संगीतरचना करीत असे, तिच्यातून जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाची भाषाच घडली; वाद्यांचे गट पाडून त्यांच्यात संवाद घडविण्याची त्याची रीत पुढे सर्वांनी उचलली. व्हीलिंगचा सॅक्सोफोनवादक चू बेरी (१९०८–१९४१) अल्पायुषी ठरला, तरी त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. या दोघांना वेस्ट व्हर्जिनियाचे संगीतकार म्हणून क्वचितच ओळखले जाते, कारण जॅझ हे शहरी संगीत आणि हे राज्य डोंगरी, असे मनात ठसलेले आहे. परंतु क्रिस्टोफर विल्किन्सन यांनी २०१२ साली सप्रमाण दाखविले की १९३० ते १९४२ या काळात देशातील नामांकित कृष्णवर्णीय वाद्यवृंद खाणींच्या गावांतून नियमितपणे येत असत, आणि त्यांच्या नृत्यसभांना गर्दी करणारे लोक खाणीच्या मजुरीवर पोसलेले होते. लोकगीतांच्या बाबतीत ब्लूफील्ड येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातील संगीताचे प्राध्यापक कॉर्टेझ रीस यांनी दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात स्वतः फिरून गीते मुद्रित केली, व १९५५ साली त्यांवर प्रबंध सादर केला. कॉक्स यांचा ग्रंथ सर्वत्र उद्धृत होतो. रीस यांचा प्रबंध मात्र अभ्यासकांच्याही हाती क्वचितच पडतो. पॅट्रिक गेनर यांनी १९५० साली ग्लेनव्हिल येथे सुरू केलेल्या राज्य लोकोत्सवामागील ओढाही जुन्या ब्रिटिश कथागीतांकडेच अधिक होता.

नभोवाणीने निराळेच काम केले. व्हीलिंग येथील डब्ल्यूडब्ल्यूव्हीए या केंद्रावरून १९३३ च्या जानेवारीत शनिवार रात्रीचा ‘जंबोरी’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि १९४२ साली केंद्राची शक्ती पन्नास हजार वॅटपर्यंत वाढल्यावर तो रात्रीच्या शांततेत पूर्व कॅनडापर्यंत ऐकू जाऊ लागला. या कार्यक्रमाचा दीर्घकाळचा आधारस्तंभ डॉक विल्यम्स (१९१४–२०११) हा जन्माने स्लोव्हाक स्थलांतरितांचा पुत्र. त्याचे मूळ आडनाव स्मिक. दुसरीकडे रँडॉल्फ जिल्ह्यातील चर्चगायनात वाढलेली विल्मा ली कूपर आणि तिचा पती स्टोनी हेही त्याच रंगमंचावर गात. डोंगरी संगीत म्हणून जे दूरवर ऐकले गेले, ते मुळातच असे मिश्र होते.

या साऱ्या परंपरेचा कस लागला तो हेझल डिकन्सच्या (१९२५–२०११) गायनात. मर्सर जिल्ह्यातील माँटकाम येथे अकरा भावंडांत ती जन्मली. वडील प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशक होते. या पंथाच्या उपासनेत वाद्यांना मज्जाव असून सर्व गायन मोकळ्या, ताणलेल्या आवाजात होते. हा आवाज घेऊन हेझल रोजगारासाठी बाल्टिमोरला गेली आणि कारखान्यांत काम करू लागली. खाणींत यंत्रे आल्यावर राज्यातून लाखो लोक असेच बाहेर पडले होते. बाल्टिमोरमध्ये अ‍ॅलिस जेरार्डशी तिची गाठ पडली व १९६५ साली दोघींची पहिली तबकडी निघाली. पुरुषांच्या गटांचे क्षेत्र समजल्या जाणाऱ्या ब्लूग्रासमध्ये दोन स्त्रियांनी अग्रभागी राहावे, ही गोष्ट तेव्हा नवी होती. २० नोव्हेंबर १९६८ रोजी फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार ठार झाले. हेझलने त्यावर गीत रचले. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे काळवंडून तिचा भाऊ मेला. त्यावरही तिने गीत रचले. या फुफ्फुसरोगाच्या भरपाईसाठी १९६९ साली वेस्ट व्हर्जिनियातील हजारो खाणकामगारांनी संप केला, आणि त्याच वर्षी केंद्रीय खाण-आरोग्य कायदा संमत झाला. हेझलची गीते या चळवळीच्या सभांतून गायिली गेली, व १९७६ सालच्या ‘हार्लन काउंटी, यूएसए’ या अनुबोधपटामुळे ती दूरवर पोहोचली. तिच्या गळ्यातून उमटणारा स्वर उपासनेचाच राहिला, फक्त गाऱ्हाणे देवाऐवजी मालकापुढे मांडले गेले.

स्लॅब फोर्क या खाणवस्तीत जन्मून बेकलीत वाढलेला बिल विदर्स (१९३८–२०२०) हाही असाच बाहेर गेलेला. नौदलात नऊ वर्षे काढून तो कॅलिफोर्नियात गेला, आणि १९७२ साली ‘लीन ऑन मी’ या त्याच्या गीताने साऱ्या देशाचे लक्ष वेधले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आधार देण्याची त्यातील भावना आपल्या खाणवस्तीतून आल्याचे तो सांगत असे. याउलट राज्याबाहेर सर्वाधिक परिचित असलेले ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे १९७१ सालचे गीत बिल डॅनॉफ, टॅफी निव्हर्ट व जॉन डेन्व्हर या बाहेरच्या तिघांनी रचलेले आहे. त्यात उल्लेखिलेली ब्लू रिज पर्वतरांग व शेनान्डोआ नदी या राज्याच्या केवळ पूर्व टोकाला स्पर्श करतात. तरीही २०१४ साली त्याला अधिकृत राज्यगीतांत स्थान मिळाले, आणि राज्य सोडून गेलेले लोक ते गाताना डोळे पुसतात. भूगोलाच्या चुकीने गीत खोटे ठरत नाही, हे यावरून दिसते. चार्ल्स्टनचा जॉर्ज क्रम (१९२९–२०२२) या विद्वान संगीतकाराविषयी विस्ताराने लिहावयास हवे. येथे एवढेच नमूद करणे पुरे की पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या या रचनाकाराने आपल्या वाद्यवृंदात बँजो आणि करवतीच्या पात्याला स्थान दिले, आणि नदीच्या दरीत घुमणारा प्रतिध्वनी हा आपल्या श्रवणाचा पाया असल्याचे सांगितले.

सत्तरीच्या दशकापासून परिस्थिती सुधारली आहे. १९७३ साली एल्किन्स येथील महाविद्यालयात ऑगस्टा हा पारंपरिक कलांच्या शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, आणि १९७७ पासून चार्ल्स्टन येथे व्हॅन्डेलिया मेळावा भरू लागला. ब्रॅक्स्टन जिल्ह्यातील मेल्विन वाइन (१९०९–२००३) यांनी फिडल हे पापाचे वाद्य मानून काही वर्षे ते खाली ठेवले होते. उतारवयात त्यांनी ते पुन्हा उचलले, तरुणांना मुक्तहस्ताने शिकविले, आणि १९९१ साली त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान प्राप्त झाला. कुटुंबात पणजोबांपासून चालत आलेल्या धुना त्यांच्यामुळे कुटुंबाबाहेरच्या हातांत गेल्या.

सर्वांच्याच बाबतीत असे घडले नाही. लोगन जिल्ह्यात जन्मलेला एड हेली बालपणी गोवराने आंधळा झाला, आणि न्यायालयांच्या आवारात, जत्रांत व नदीकाठच्या धक्क्यांवर फिडल वाजवून त्याने संसार चालविला. त्या परिसरातील प्रत्येक जाणता वादक त्याला आपल्याहून श्रेष्ठ मानी. कंपन्या आपल्याला फसवतील या धास्तीने त्याने व्यापारी ध्वनिमुद्रण मात्र कधीच होऊ दिले नाही. १९४६ च्या सुमारास त्याच्या मुलाने घरगुती यंत्रावर त्याच्या वादनाच्या तबकड्या केल्या. १९५१ साली हेली वारला. तबकड्या मुलाबाळांत वाटल्या गेल्या, आणि पुष्कळशा हरवल्या. ज्या उरल्या त्यांतील काही १९७६ साली प्रथम प्रकाशित झाल्या. त्यांवर सुईची खरखर आहे, आणि तिच्यामागून त्याचा गज स्वच्छ ऐकू येतो.